शाहूपुरीतल्या जुन्या गूळ गोदामात डुप्लेक्स लॉफ्ट विकायला आहे, घ्यावा का?

गूळपेठेची_नात

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण तुकड्यातुकड्यानं सांगून कळणार नाही म्हणून सगळं एकदमच.

कोल्हापुरात शाहूपुरीत एक जुनं दगडी गूळ गोदाम आहे, कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. एका बिल्डरनं ते घेऊन आतून पूर्ण नवं केलंय, चार मोठे फ्लॅट पाडलेत आणि त्यातला सगळ्यात वरचा डुप्लेक्स विकायला आहे. ब्रोकर त्याला लॉफ्ट म्हणतो. १,८५० चौरस फूट कार्पेट, मागतायत १ कोटी ६५ लाख, पार्किंग एकच. रस्त्याच्या बाजूला खाली दोन जुनी दुकानं आहेत, ती तशीच राहणार म्हणे.

मागच्या रविवारी बघून आले आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना झालंय. दार उघडलं की समोर एकदम वीसेक फूट उंच हॉल, एक भिंत पूर्ण काळ्या दगडाची, गिलावा काढून उघडी ठेवलेली. वर जुन्या सागवानी तुळया, त्यावर कौलं. पश्चिमेला ओळीनं चार उंच खिडक्या, पार जमिनीपासून, संध्याकाळचं ऊन आत अगदी स्वयंपाकघरापर्यंत येतं. लोखंडी जिन्यानं वर गेलं की पोटमाळ्यासारखी बेडरूम आणि तिला काचेचा कठडा. एका तुळईला काटा टांगायचा जुना लोखंडी हूक तसाच ठेवलाय.

आता खरं कारण सांगते. माझे आजोबा याच गोदामात दिवाणजी होते. मी पाच-सहा वर्षांची असेन, आईबरोबर त्यांचा डबा घेऊन जायचे. आत भर दुपारी दिवा लावायला लागायचा, गुळाचा वास कपड्यांना दोन दोन दिवस राहायचा, आजोबा रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, एक कोपरा फोडून माझ्या हातावर ठेवायचे आणि हात चिकट झाला की स्वतःच्या धोतराला पुसायचे. तो हूक बघितला आणि मला पुढचं काही ऐकूच येईना, ब्रोकर बोलत होता ते सगळं कानावरून गेलं.

नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात आर. के. नगरला प्लॉट घेऊन बंगला बांधू. ब्रोकर म्हणतो हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून गावात दर चढतच चाललेत, अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात, या आठवड्यात ५ लाख टोकन द्या. मला घर कळतं पण इमारत कळत नाही. काय बघू, कुणाला विचारू? घाबरवायचं असेल तर घाबरवा पण खरं सांगा.

पंचगंगा_४३

ताई, बाकी सगळं नंतर, आधी पाणी बघा. माझं नावच त्यावरनं हाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आमच्या घरात शेंबड्या पोराला पण पाठ हाय. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, व्हीनस कॉर्नर पाण्यात गेला, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, आम्ही खिडकीतनं बघितलं. शाहूपुरीतनं नदी लांब वाटते, पण पाणी तिकडनं येतच नाही, जयंती नाला फुगतो आणि पाणी उलटं आत येतं, रात्री झोपताना गल्ली कोरडी आणि पहाटे गाड्यांची सीट बुडालेली.

आम्ही कुंभार गल्लीच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. म्हणून निवांत होतो. घरात पाणी आलं नाही हे खरं, पण खाली मीटर बुडाले, लाईट गेली, लाईट नाही म्हणजे मोटर नाही, तिसऱ्या दिवशी वरची टाकी संपली. आईला ७८ वर्षं. तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यातनं खाली होडीत उतरवलं. तिनं बरोबर काय घेतलं असेल तर देव्हाऱ्यातला जोतिबाचा टाक, तो मुठीत धरून बसली होती, कुणाला हात लावू देईना.

तेव्हा वरचा मजला हाय म्हणून बिनधास्त राहू नका. मीटर किती उंचीवर लावलेत, खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरतंय काय, लिफ्ट असली तर तिचं मशिन कुठं हाय, हे बघा. महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणारा. आणि ब्रोकरला न विचारता समोरच्या चहाच्या टपरीवाल्याला विचारा की २१ ला पाणी कुठवर होतं. तो हात लावून दाखवतो.

रंकाळा_वॉक

बंगलाच बरा. उद्या गुडघे दुखायला लागल्यावर लोखंडी जिन्यानं वर झोपायला जाणार काय? घरात वयस्कर माणसं असतील तर खाली एक बेडरूम आणि बाथरूम आहे का तेवढं बघा.

गवंड्याचं_पोर

ताई, आमचे वडील गवंडी, चुन्यातलं काम करणारे, त्यांच्या हाताखाली मी शिकलो, आता जुने वाडे आणि देवळांच्या दुरुस्तीची कामं घेतो. तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर मी थांबलो, परत वर जाऊन वाचलं. भर दुपारी दिवा लावायला लागायचा म्हणताय ते.

बरोबर हाय तुमचं. गुळाच्या गोदामाला खिडक्या ठेवतच नव्हते. पावसाळी दमट हवा लागली की गूळ पाघळतो, रव्याचा आकार जातो, रंग काळवंडतो, मग बाजारात त्याला कोण विचारत नाही. म्हणून जाड भिंती, वर वीतभर झरोके आणि एकच मोठं दार. मग मला सांगा, त्या चार उंच खिडक्या आल्या कुठनं?

भिंत फोडून आल्यात. दुसरीकडनं येणारच नाहीत.

आता भिंत फोडणं म्हणजे गुन्हा नाही, नीट केलं तर चालतंय. पण जुनी दगडी भिंत एकसंध नसते हे लक्षात घ्या. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड आणि मधी लहान दगड, चुना, माती अशी भर. दोन्ही तोंडं बांधून धरायला मधे मधे आरपार लांब दगड घातलेले असतात. तुम्ही जमिनीपासून उंच खिडकी फोडली की ते आरपार दगड तुटतात, भर मोकळी होते आणि छपराचं जे वजन सगळ्या भिंतीवर सारखं पसरलेलं होतं ते दोन खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यावर येऊन बसतं. त्या चार खिडक्यांमधले तीन पट्टे किती रुंद हायत ते टेपनं मोजा. खिडकीवर कमान हाय, दगडी पाट हाय का काँक्रीटची लिंटेल, आणि ती दोन्ही बाजूला भिंतीत किती आत गेलीय, हे बिल्डरच्या इंजिनिअरकडनं लेखी घ्या.

दुसरं पोटमाळ्याचं. बेडरूमचे लोखंडी आय-बीम भिंतीत घुसवलेत का खालनं वेगळ्या खांबांवर उभे केलेत? भिंतीत घुसवले असतील तर बीमच्या टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक पाहिजे. नुसतं दगड काढून भोक पाडलं, बीम सारला आणि सिमेंटनं बुजवलं, असं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि वर्षाभरात तिथनं खाली केसासारखी चीर जाताना पण बघितलीय.

तिसरं तुळया. मधे लाकूड पोलादासारखं असतंय, त्यावर थाप मारून ब्रोकर तुम्हाला दाखवणार. तिथं बघू नका. तुळई भिंतीत शिरते तिथं बघा, कारण कौलाचं पाणी भिंतीवरनं उतरतं आणि टोकाला मुरतं, लाकूड आधी तिथंच कुजतं, वाळवी पण तिथनंच चढते. पेचकस घ्या आणि टोकाजवळ टोचा. चांगलं सागवान असेल तर पेचकस अडतो, हाताला झणका बसतो. कुजलेलं असेल तर लोण्यात गेल्यासारखा जातो. आणि नवीन पॉलिश मारलेलं असेल तर मुद्दाम जास्त टोचा.

आणि ती उघडी काळी भिंत. दगडाच्या मधल्या दर्जा कशानं भरल्यात बघा. आमचे वडील घाण्यात चुना मळताना त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे, तो चुना ओल घेतो आणि परत सोडतो, भिंत श्वास घेते असं म्हणायचे ते. सिमेंटनं दर्जा भरल्या की ओल आत कोंडते, मग ती दगडाच्या कडेनं वाट काढते, पांढरा लोणा फुटतो. नखानं खरवडून बघा, सिमेंट करडं आणि कडक लागतं, चुना पांढुरका आणि भुसभुशीत.

सगळ्यात महत्त्वाचं, उन्हात बघू नका. जुलैतला चांगला झोडपणारा पाऊस चालू असताना जावा, दोन तास बसा. ऊन पडलेल्या रविवारी कुठलीही इमारत चांगलीच दिसती.

दस्तवाले_काका

बेटा, मी चाळीस वर्षं दस्त लिहिले, आता घरी असतो. गवंडीबुवांनी भिंतीचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो, कारण अशा बदलून केलेल्या इमारतीत भिंतीइतकाच कागदही फोडून जोडलेला असतो.

सिटी सर्व्हेतनं मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढ. त्यावर सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धरलीय ते, काय लिहिलंय बघ, आपल्या गावात ब सत्ता प्रकाराच्या मिळकतींनी लोकांना फार हेलपाटे घालायला लावलेत, ब दिसला तर विक्रीआधी परवानगी लागते काय हे लेखी विचारून घे. शाहूपुरी पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला वसवली, म्हणजे मुळाचे कागद संस्थानकाळातले, काही मोडीतही निघतील, संस्थान विलीन झालं ते १९४९ च्या मार्चमध्ये. मोडी दिसलं की घाबरू नकोस आणि दुर्लक्षही करू नकोस, वाचून देणारी माणसं गावात आहेत. मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा सर्च वकिलाकडनं कर, तुझ्या स्वतःच्या, बिल्डरनं सुचवलेल्या नव्हे.

मग वापराचं. कागदावर ते गोदाम आहे. राहण्यासाठी वापर बदलायची परवानगी घेतली का, मंजूर नकाशात तो पोटमाळा दाखवलाय का, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेनं दिलेला दाखला, मिळालंय का. हे तीन कागद आधी, बाकी बोलणं नंतर. त्या १,८५० फुटात पोटमाळ्याचे किती धरलेत ते विचार, नकाशात नसलेला पोटमाळा म्हणजे उद्या महापालिकेची नोटीस तुझ्या नावानं. एक साधी खूण सांगतो. बिल्डर तुझ्याकडं ५ टक्के जीएसटी मागतोय का बघ. भोगवटा मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. मागत असेल तर बहुतेक भोगवटा हातात नाही असं समज.

रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर नाही म्हणून लगेच संशय घेऊ नकोस. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागा किंवा आठपेक्षा जास्त घरं नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, तुझी तर चारच आहेत. पण त्याचा अर्थ असा की वर बघणारं कुणी नाही, तुझं तुलाच बघायचंय.

छप्पर कुणाचं हे विचार. हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. अपार्टमेंट कायदा १९७० चा, त्याखाली डिक्लेरेशन, म्हणजे इमारतीत कुणाचं काय हे लिहिलेलं घोषणापत्र, झालेलं असलं पाहिजे आणि त्यात जमिनीतला तुझा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असला पाहिजे. छपरावर तू राहणार, कौलं गळली की पाणी तुझ्या डोक्यावर, पण दुरुस्तीचा खर्च चौघांनी वाटून द्यायचा का तू एकटीनं, हे आधीच ठरलेलं पाहिजे. खालची दोन दुकानं मालकीची का जुन्या भाडेकरूंची? भाडेकरू असतील तर त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, उद्या इमारतीला मोठी दुरुस्ती लागली की त्यांच्याही सहीला अडून बसायला लागेल. घरफाळा गोदामाच्या नावानं थकलाय का तेही बघ.

महापालिकेच्या हेरिटेज यादीत ती इमारत आहे का बघ. असली तर बाहेरनं काही बदलायला हेरिटेज समितीची परवानगी लागते, आणि गवंडीबुवा म्हणतात त्या चार खिडक्या बाहेरनंच दिसतात, नाही का? शिवाय ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे करायलाच लागतं, तो रिपोर्ट मागायचा तुला हक्क आहे.

पैशाचं बोलायचं तर शहरात मुद्रांक ६ टक्के, म्हणजे ९ लाख ९० हजार. फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर १ टक्का कमी, ८ लाख २५ हजार, नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत जाते. नोंदणी फी ३० हजार. आणि ५० लाखांच्या वरचा व्यवहार असल्यानं देताना १ टक्का टीडीएस तू कापून भरायचास, १ लाख ६५ हजार, हे विक्रेत्याच्या पैशातनं जातात, तुझ्या नव्हे.

टोकन अजिबात देऊ नकोस. माझ्याकडं एक मास्तर आले होते, निवृत्तीचे पैसे आलेले, साध्या पावतीवर तीन लाख दिलेले, पावतीवर तारीख होती पण अट एकही नव्हती. जागेचा वाद निघाला. तीन वर्षं माझ्या पायरीवर येऊन बसायचे, मी चहा द्यायचो, दुसरं काय देणार. द्यायचंच झालं तर चेकनं दे आणि कागद स्वच्छ निघाले नाहीत तर पंधरा दिवसांत परत, असं लिहून घे.

मँचेस्टरहून_परत

मी तीन वर्षं मँचेस्टरला अँकोट्स भागात जुन्या कापूस गिरणीतल्या लॉफ्टमध्ये भाड्यानं राहिलोय, ओतीव लोखंडाचे खांब, विटांच्या बुटक्या कमानी, हे असलंच सगळं, म्हणून राहण्याचं सांगतो. सुंदर असतंच, खोटं नाही बोलणार, सकाळी डोळे उघडले की वर लाकूड आणि उंची दिसते, त्याची सवय कधी होत नाही, रोज बरंच वाटतं.

पण एकच मोठी मोकळी जागा म्हणजे वरच्या बेडरूमला दार नाही. खाली कुकरची शिट्टी झाली की वर झोपलेला उठणार. गरम हवा वर जाते त्यामुळं मेमध्ये कौलाखालचा पोटमाळा तापणार आणि एसी लावला तर गार हवा सगळी खाली हॉलमध्ये उतरणार, वीस फूट उंच हॉल गार करायला किती बिल येईल ते काढून घ्या. कौलांच्या खाली काही इन्सुलेशन घातलंय का विचारा. आणि आपल्या घरातला स्वयंपाक. तिकडं मी एकदा तांबड्या रश्श्याचं वाटण भाजलं, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, तर चार दिवस उशीला वास. जिथं वर पोटमाळ्यावर झोपायचं त्या घरात किचन बंद करता येतं का ते बघा, निदान चांगली चिमणी आणि तिला बाहेर जाणारा पाईप. दगडी भिंतीतनं तो पाईप काढायला परत भोक पाडायचं का, ते गवंडी भाऊंना विचारा.

पश्चिमेच्या खिडक्यांचंही तेच. फोटोत ऊन छान दिसतं. पण आपला पाऊस पण पश्चिमेकडनंच मारतो.

वाडा_होता_आमचा

सगळ्यांचं वाचलं, पटलं, पण मला दुसरी बाजू मांडायचीय.

मंगळवार पेठेत आमचा दोन चौकी वाडा होता. सहा वाटेकरी, कुणाला दुरुस्तीला पैसे घालायचे नव्हते, मलाही नव्हते, हे कबूल करतो. पाडला. ज्या दिवशी जेसीबी आला त्या दिवशी मी सकाळी जाऊन उभा राहिलो. कडीपाटाच्या तुळया बाहेर काढल्या तेव्हा त्यावर सुतारानं मापं घेताना ओढलेल्या काळ्या दोऱ्याच्या रेघा अजून दिसत होत्या, शंभर वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेल्या. सगळं सागवान घनफुटावर गेलं. आता तिथं पाच मजली आहे, माझा तिसऱ्यावर टूबीएचके आहे, सगळं सोयीचं आहे, आणि मी कुणाला घरी बोलावलं की काही दाखवायला नाही.

सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या दगडी कोर्टाच्या इमारतीत आता सर्किट बेंच बसतंय. बघितलंय का तिकडं जाऊन? इमारत वापरात राहिली तर जगते. बंद ठेवली की आधी कौल सरकतं, मग पाणी, मग पिंपळ. ताईंच्या गोदामाला कुणीतरी हात घातला हे मला चांगलं वाटलं. सगळेच घाबरून बंगला बांधायला गेलो तर पेठेत उरणार काय.

फक्त एक सांगतो, वायरिंग बघा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी लांबनं बघितलंय, १९१५ सालचं थिएटर, संस्थानकाळातलं, लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. जुनं लाकूड एकदा पेटलं की हातात काही राहत नाही. लाकडाला लागून वायर गेलीय का, पाईपमधनं नेलीय का, आणि पोटमाळ्यावरनं आग लागली तर बाहेर पडायला तो एकच लोखंडी जिना आहे का, याची उत्तरं घ्या. मिळाली तर घ्या घर, खरंच घ्या.

गूळपेठेची_नात

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. टोकन दिलं नाही. ब्रोकरचे रोज दोन फोन येत होते, मग मीच सांगितलं की पाऊस लागला की बघायला येणार.

काल गुरुवारी दुपारी धो धो कोसळत होता तेव्हा भावाला घेऊन गेले, अडीच तास बसलो. टपरीवाल्याला आधी विचारलं. २०१९ ला पाणी त्यांच्या कट्ट्याला लागून थांबलं, २०२१ ला गोदामाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. मीटर पायरीपासून चार फुटांवर बसवलेत म्हणजे त्या पुराला तरी वाचले असते, पण पाण्याची टाकी पार्किंगखाली आहे आणि तिचं झाकण फरशीच्या बरोबरीनं आहे.

वर गेलो. पहिला अर्धा तास काहीच नाही, उलट कौलांवर पावसाचा आवाज इतका सुंदर की भाऊ म्हणाला घेऊन टाक. मग दुसऱ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातनं थेंब यायला लागले, काचेतनं नाही, चौकटीच्या वरच्या दगडातनं. काळ्या भिंतीला सोफा लावलेला होता तो आम्ही सरकवला, मागं गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरं फुटलेलं, हाताला मिठासारखं लागलं. दर्जा नखानं खरवडल्या, नखच तुटलं, म्हणजे सिमेंट.

खिडक्यांमधले पट्टे मोजले. दोन साडेतीन फुटांचे आहेत पण मधला एक दोन फूट दोन इंच.

तुळया. भावानं पेचकस आणलेला. पूर्वेकडची टोकं चांगली, पेचकस अडला. पश्चिमेकडच्या चारपैकी एका तुळईला, लोखंडी जिन्यावर उभं राहून हात पुरला तेवढ्या जागी टोचलं, तर पहिला अर्धा इंच कडक आणि मग तो एकदम आत गेला, बोटभर, बाहेर काढला तर टोकाला ओला तपकिरी भुसा. ती हुकाची तुळई नव्हती. हुकाची मी दोनदा टोचून बघितली, ती घट्ट आहे.

एक सांगायचं राहिलं. त्याच कोपऱ्यात, भिंत ओली झाल्यावर, मुंग्यांची रांग दगडाच्या सांदीतनं बाहेर येत होती. आणि मी वाकले तर वास आला. भावाला विचारलं, काही न सांगता, कसला वास येतोय. तो म्हणाला, गुळाचा. आम्ही दोघं काही न बोलता तिथंच खाली बसलो थोडा वेळ.

ब्रोकरला मी चार गोष्टी लेखी मागितल्या, मंजूर नकाशा, भोगवटा, स्ट्रक्चरल ऑडिट आणि डिक्लेरेशन. नकाशा आणि डिक्लेरेशन पाठवलं. ऑडिट चालू आहे म्हणाला. भोगवट्याचं विचारलं तर म्हणाला तेवढं सोडून बोला. आणि हो काका, जीएसटी मागतायत, ५ टक्के. नकाशात पोटमाळा आहे पण १,८५० नाही, खालचं आणि वरचं धरून १,५४० भरतंय.

म्हणून सध्या असं ठरवलंय की भोगवटा आणि ऑडिट आल्याशिवाय एक रुपया नाही, ती तुळई आणि मधला पट्टा दुरुस्त करून द्यायचा, तोही चुन्यात, आणि दर १,५४० फुटांवर. मधे दुसऱ्या कुणी घेतलं तर घेतलं. नवरा पण म्हणाला, आता मला कळलं तू कशासाठी धडपडतेयस, बंगल्याचं राहू दे थोडे दिवस.

गवंडी भाऊ, त्या तुळईचं टोक बदलता येतं का, की पूर्ण तुळईच काढायला लागेल?

गवंड्याचं_पोर

पूर्ण काढायची गरज नाही ताई. कुजलेलं तेवढं कापायचं, चांगल्या लाकडापर्यंत जायचं, जुनंच सागवान मिळवून तिरका सांधा करायचा आणि बोल्टनं आवळायचं, दोन्ही बाजूला पोलादी पट्ट्या. काम चालू असताना तुळईला खालनं टेकू द्यायला लागतो. पण आधी शेजारच्या तिन्ही टोकांना हात पोचला पाहिजे, एक कुजली म्हणजे पाणी त्या भिंतीवरनंच येतंय, बाकीच्या तीन तुम्हाला जिन्यावरनं पुरल्या नसतील. आणि मुंग्यांचं मनावर घेऊ नका, इतकी वर्षं गूळ पाघळून दगडात मुरलेला असतोय, पाऊस लागला की त्या येणारच.

दोन फूट दोन इंचाच्या पट्ट्यावर मी एकटा बोलणार नाही, तिथं इंजिनिअर पाहिजे. माझ्या कामावर येणारे एक हायत, त्यांना घेऊन रविवारी सकाळी येतो. ब्रोकरला किल्ली घेऊन थांबायला सांगा, शिडी मी आणतो, वीस फुटी.

दस्तवाले_काका

रविवारी मीही येतो. मिळकत पत्रिका काढलीस का? नसशील तर सोमवारी सिटी सर्व्हेत अर्ज टाक, सिटी सर्व्हे नंबर डिक्लेरेशनच्या पहिल्या पानावर असेल.

गूळपेठेची_नात

काढली काका, आज सकाळीच मिळाली. सत्ता प्रकाराच्या रकान्यात "क" आहे, तुम्ही म्हणालात तो ब नाही. रविवारी घेऊन येते, दहाला टपरीवर भेटू.